नववी-दहावीच्या लेकरांचं ताट

आम्ही धानोरा तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. आज ज्या वयाच्या लेकरांबद्दल बोलणार आहोत, त्यांचा विषय आपल्या बैठकीत फार कमी वेळा निघतो. गरोदर बाईने काय खावं, हे आशाताई घरी येऊन सांगते. अंगणवाडीतल्या बाळाचं वजन दर महिन्याला होतं. पण नववी-दहावीत जाणारी आपली मुलगी किंवा मुलगा दिवसभरात काय खातो, हे विचारायला घरी कोणी येत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

आता सरकारी ताटाचा हिशोब पाहू. आपला धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे २०१५ पासून सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. सहा वर्षांपर्यंतच्या लेकराला अंगणवाडीचा आहार मिळतो. पुढे पहिलीपासून आठवीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळतं, ज्याला आपण सगळ्या ‘शाळेची खिचडी’ म्हणतो. सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून ७०० कॅलरी ऊर्जा आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे.

मग लेकरू नववीत जातं आणि हे जेवण थांबतं. योजना आठवीपर्यंतचीच आहे. ज्या हायस्कूलमध्ये आठवी आणि नववी एकाच इमारतीत भरते, तिथे दुपारच्या सुट्टीत आठवीची मुलं ताट घेऊन ओळीने बसतात आणि नववीची मुलं त्यांच्या बाजूने चालत दुकानाकडे जातात. आश्रमशाळेत आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना दोन्ही वेळचं जेवण तिथेच मिळतं, त्यांची गोष्ट वेगळी. आपण बोलतोय गावातून रोज चालत, सायकलने किंवा बसने हायस्कूलला जाणाऱ्या मुलांबद्दल. मुलीचं पुढे लग्न झालं, ती गरोदर राहिली, की मग पुन्हा तिच्यासाठी ताट मांडलं जातं. मधली सगळी वर्षं तिचं ताट फक्त आपल्या चुलीवर अवलंबून असतं.

याच वयात भूक का वाढते

घरात सगळ्यात जास्त खाणं कोणाला लागतं, असं विचारलं तर आपण म्हणतो, वावरात राबणाऱ्या माणसाला. ते खरंच आहे. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेले आकडे ऐका. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० कॅलरी लागतात. मध्यम मेहनतीचं काम करणाऱ्या मोठ्या बाईला लागतात २१३०. म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलीची गरज तिच्या आईपेक्षा जास्त आहे. त्याच वयाच्या मुलाला २८६० कॅलरी लागतात. त्याच्या बापाला, तो मध्यम मेहनतीचं काम करत असला, तर २७१० लागतात.

असं का? कारण या वयात शरीर फक्त चालत नाही, ते बांधलंही जातं. माणसाच्या पूर्ण उंचीतला १५ ते २० टक्के भाग याच काही वर्षांत वाढतो. मोठेपणी जे वजन असतं, त्यातलं जवळपास निम्मं याच वयात भरतं. हाडं याच वेळी पक्की होतात. घर बांधताना विटा कमी पडल्या तर भिंत बुटकी राहते आणि नंतर कितीही रंग मारला तरी ती उंच होत नाही. शरीराचंही बरंचसं तसंच आहे.

मुलींचं आणखी एक आहे. याच वयात पाळी सुरू होते आणि दर महिन्याला अंगातलं रक्त जातं. रक्ताबरोबर लोह जातं. म्हणून १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्राम लोह लागतं आणि त्याच वयाच्या मुलाला २२. देशभरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींमागे ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. मुलांमध्येही १०० मागे ३१ जण निघाले. या मुली पुढे आई होतात. रक्त कमी असलेल्या बाईचं बाळंतपण जोखमीचं होतं आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती राहते. म्हणजे अंगणवाडीच्या काट्यावर जे हलकं बाळ आपण पाहतो, त्याची सुरुवात कधी कधी त्याच्या आईच्या नववी-दहावीत झालेली असते.

पोट भरतं, पण रक्त भरत नाही

आपण म्हणतो, “आमची पोर तर पोटभर भात खाते.” खाते, नाही कशाला म्हणायचं? आपला मुलूखच धानाचा. पण भात काय देतो आणि काय देत नाही, ते पाहू.

समजा, मुलीने दिवसभरात ४०० ग्रॅम तांदळाचा भात खाल्ला. पोट भरलं, ताकद आली. पण १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रामसुद्धा नसतं. ४०० ग्रॅममध्ये अडीच मिलिग्रामच्या आसपास. त्यावर ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण घेतलं, तर आणखी एक-सव्वा मिलिग्राम. थोडी वांग्या-आलूची भाजी धरली तरी एकूण पाच-सहा मिलिग्रामच्या पुढे जात नाही. आणि लागतं ३० मिलिग्राम. मुलगी उपाशी नसते, तरी तिच्या अंगात रक्त कमी असतं. दोन जिने चढले की धाप लागते, कवायतीत चक्कर येते, पुस्तक घेऊन बसली की झोप येते. आपण तिला आळशी म्हणतो. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. खरं कारण ताटात असतं.

एक सोपी पाहणी घरच्या घरी करता येते. मुलीच्या डोळ्याची खालची पापणी जराशी ओढून आतला रंग बघा. जीभ आणि नखं बघा. लालसर असायला हवीत. पांढुरकी दिसली तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. मुलीचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असावं. ८ च्या खाली असेल तर ते गंभीर समजायचं आणि डॉक्टरकडे न्यायला उशीर करायचा नाही.

दिवस कुठे कुठे तुटतो

आम्ही गटाच्या बैठकीत खड्यांचा एक खेळ घेतो. प्रत्येक आईने जमिनीवर चार घरं आखायची: सकाळ, दुपार, शाळेतून आल्यावर आणि रात्र. शाळेत जाणाऱ्या लेकराने काल ज्या वेळी जे खाल्लं, त्याचा एकेक खडा त्या घरात ठेवायचा. भातासाठी पांढरा खडा, डाळ-कडधान्यासाठी लाल, पालेभाजीसाठी हिरवं पान, अंडं-मासोळी-मटणासाठी चिंचोका आणि दुकानच्या पाकिटासाठी पाकिटाचा तुकडा. खेळ झाला की जमिनीकडे बघून बाया स्वतःच बोलायला लागतात. रात्रीच्या घरात खडे जास्त, सकाळचं घर मोकळं आणि दुपारच्या घरात पाकिटाचा तुकडा, असं चित्र अनेकींचं निघतं.

सकाळी मुलगी उठते, पाणी भरते, झाडझूड करते, धाकट्याला तयार करते. चहा आणि दोन बिस्किटं खाऊन शाळेला निघते. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मुली मानव विकासच्या सायकलीवर चार-पाच किलोमीटर जातात. चहावर सायकल चालते, पण दुपारपर्यंत डोकं चालत नाही.

दुपारी डब्बा न्यायला मुलींना लाज वाटते. “सगळ्या पोळी आणतात, माझ्या डब्ब्यात भात-बरबटी,” असं त्या सांगतात. मग पाच-दहा रुपये घेऊन चिप्स, कुरकुरे, कधी तिखट-मीठ लावलेली शेव. त्यात तेल आणि मीठ भरपूर, पण रक्त किंवा हाडं बनवणारं जवळजवळ काही नाही. रोजचे दहा रुपये धरले, तर शाळेच्या २५ दिवसांचे अडीचशे रुपये होतात. त्या पैशात महिनाभराचे फुटाणे, गूळ आणि शेंगदाणे घरात येऊ शकतात, वर काही अंडीही.

संध्याकाळी आल्यावर पुन्हा चहा. रात्री भात-वरण-भाजी, पण मुलगी सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तोवर भाजीच्या गंजात रस्साच उरलेला असतो. भाऊ आधी आणि बहीण मागून, ही रीत कोणी मुद्दाम केलेली नाही, पण तिची किंमत मुलीचं अंग चुकतं करतं. सगळ्यांनी एकत्र बसावं किंवा निदान मुलीची भाजी आणि डाळ आधी वाटीत काढून ठेवावी. यासाठी एक पैसा लागत नाही.

आपल्याच रानात आणि परसात काय आहे

आता तुम्ही म्हणाल, “ताई, सांगायला सोपं. सफरचंद आणायचं कुठून?” सफरचंदाची गरजच नाही. आपल्याकडे जे आहे, ते त्याहून चांगलं आहे.

पहिला मान शेवग्याला, म्हणजे आपल्या मुनग्याला. शेंगा आपण आवडीने खातो, पण पाला जास्त कामाचा. १०० ग्रॅम पाल्यात साडेचार मिलिग्राम लोह, सहा ग्रॅमहून जास्त प्रथिनं आणि ३०० मिलिग्रामहून जास्त कॅल्शियम असतं. तांदळाच्या पिठाच्या धिरड्यात मूठभर पाला चिरून घातला की डब्ब्याला हिरवं धिरडं तयार. वरणात टाकला तरी चालतो. एक फांदी परसात रोवली की झाड वर्षानुवर्षं देतं.

दुसरं, कडधान्य. हरभरा, बरबटी, कुळीथ, मूग, उडीद, वाल यातलं काही ना काही आपल्या वावरात किंवा बाजारात असतंच. १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात साडेसहा मिलिग्रामहून जास्त लोह आणि १८ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. कुळीथात लोह त्याहूनही जास्त. रात्री मूठभर भिजत घालायचं, सकाळी फडक्यात बांधून मोड आणायचे. मोड आले की त्यातलं लोह शरीराला घ्यायला सोपं जातं. भात आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीची कमी दुसरी भरून काढते. फक्त वरण पातळ पाण्यासारखं नको, डाळ वाटीत दिसायला हवी.

तिसरं, अंडं, मासोळी आणि मटण. ज्यांच्या घरी चालतं, त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा तरी लेकरांना द्यावं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. बाजारातली सुकी मासोळी स्वस्त असते आणि काट्यासकट खाल्ली तर हाडांनाही बळ देते. मासोळी-मटणातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा अंगाला लवकर लागतं. घरच्या कोंबड्यांची अंडी सगळीच बाजारात जात असतील, तर त्यातली दोन शाळेच्या लेकरांसाठी राखून ठेवावीत.

चौथं, रान. आपल्या रानात प्रत्येक ऋतूत काहीतरी असतं. उन्हाळ्यात तेंदूची फळं आणि चार, पावसाच्या सुरुवातीला जांभूळ आणि तरोट्याचा कोवळा पाला, पावसाळ्यात वास्ते आणि सात्या, दिवाळीच्या सुमारास सीताफळ, हिवाळ्यात आवळा आणि बोरं. सात्या मात्र ओळखीच्याच खाव्यात आणि वास्ते उकळून, ते पाणी टाकून मगच शिजवावेत, हे आपल्या म्हाताऱ्या बाया सांगतात ते अगदी बरोबर आहे. मोहफुलं सुकवून ठेवली असतील तर गूळ आणि शेंगदाण्यात कुटून लाडू होतात. आमच्या आज्या हे खाऊनच वाढल्या. आज याच रानमेव्याची काही मुलांना शाळेत लाज वाटते. ती लाज घालवायची असेल तर हे पदार्थ आपण सणाला, पाहुण्यांना, गटाच्या कार्यक्रमात अभिमानाने मांडले पाहिजेत.

पाचवं, नाचणी आणि कोदो-कुटकी. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रामहून जास्त कॅल्शियम असतं. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते तेव्हा चहाऐवजी वाटीभर आंबील प्यायली, तर पोटाला थंड आणि हाडांना चांगली.

ताटातलं अंगाला लागावं म्हणून

चांगलं खाऊनही काही सवयींमुळे त्यातलं लोह वाया जातं. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला, तर चहा लोहाला अडवतो. चहा आणि जेवण यात निदान एक तासाचं अंतर ठेवा. उलट आंबट फळं लोहाला अंगात जायला मदत करतात. भाजीवर लिंबू पिळा. जेवणानंतर आवळ्याची फोड, पेरू किंवा उन्हाळ्यात कच्च्या कैरीची चटणी द्या.

भाताचा मांड काढून टाकू नका. लागेल तेवढंच पाणी घालून भात शिजवा किंवा मांड तिखट-मीठ घालून प्या. रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळे, पिवळसर-पांढरे दिसतात. त्याला ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बाया निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते दाणे बनवलेले असतात आणि साधारण १०० दाण्यांत एक या प्रमाणात टाकतात. ते निवडू नका आणि तांदूळ चार-चारदा चोळून धुऊ नका.

निळी गोळी, जंताची गोळी आणि सिकलसेल

वर सांगितलेला हिशोब पुन्हा आठवा. मुलीला रोज ३० मिलिग्राम लोह लागतं. चांगलं ताट असलं तरी एवढं सगळं जेवणातून भरणं कठीण आहे. म्हणून शाळेत १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. त्यात ६० मिलिग्राम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. शाळा सोडलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळते. कितीतरी मुली ही गोळी खिशात टाकतात आणि येताना रस्त्यात फेकतात. कारण विचारलं तर सांगतात, मळमळतं. मळमळतं ते बहुतेक वेळा उपाशी पोटी घेतल्यामुळे. नववीच्या मुलीला दुपारचं जेवणच नसेल, तर ती गोळी रिकाम्या पोटीच पडणार. म्हणून गोळीच्या दिवशी डब्बा नक्की द्या आणि खाल्ल्यानंतर गोळी घ्यायला सांगा. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, गोळीमुळे तसं होतं.

फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते, तीही चुकवू नका. पोटात जंत असतील तर आपण घातलेलं खाणं जंतच खातात. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणं आणि पायात चप्पल घालणं याने जंत दूर राहतात.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा आजार आहे, हे आपण सगळ्या जाणतो. त्यात रक्त कमी होण्याचं कारण वेगळं असतं. लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन लवकर फुटतात. तिथे फक्त पालेभाजी आणि लोहाच्या गोळीने भागत नाही. लेकराचे हातपाय सारखे ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, सारखा ताप येत असेल, तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. २०२३ च्या जुलैपासून आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी तपासणीची मोहीमही सुरू आहे. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या लेकराला लोहाची गोळी डॉक्टरला विचारूनच द्यायची.

खर्रा भूक मारतो

गडचिरोलीत राहून मुलांच्या खाण्याबद्दल बोलायचं आणि खर्ऱ्याचं नाव काढायचं नाही, असं होऊ शकत नाही. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा शाळेतली मुलंही खातात, काही मुलीही. तंबाखूने भूक मरते. घरी जेवण असूनही मुलगा दोन घास खाऊन उठतो. सुपारीने तोंडाची कातडी आतून कडक होत जाते, तिखट लागतं, मग तोंड पुरेसं उघडतच नाही. पुढे त्यातून कॅन्सरची भीती. २००३ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकता येत नाही. आपल्या जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ अभियान याच कामासाठी गावोगाव फिरतं आहे. आपल्या गटाने ठराव करून पानठेलेवाल्याला समजावलं, तर त्याचा वजन पडतो, कारण तोही आपल्याच गावातला असतो.

पाळीच्या दिवसांतलं ताट

काही गावांत पाळी आलेली मुलगी कुर्मा घरात राहते. त्या रीतीवर आज आम्ही चर्चा करत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. एवढंच सांगायचं, की त्या चार-पाच दिवसांतच तिचं रक्त जातं आणि त्याच दिवसांत तिचं ताट हलकं होतं. कोणी डाळ देत नाही, कोणी मासोळी बंद करतं. शरीराची गरज उलटी असते. ती जिथे असेल तिथे तिला डाळ, पालेभाजी, अंडं किंवा मासोळी पोचली पाहिजे आणि तिची शाळाही बुडायला नको.

गटाने काय करायचं

घरातलं घरात होईल. पण दुपारच्या ताटाचा प्रश्न एकट्या घराचा नाही. त्यासाठी गटाने चार कामं धरावीत.

पहिलं, गावातून हायस्कूलला जाणाऱ्या नववी ते बारावीच्या मुला-मुलींची यादी करा. कोण डब्बा नेतं, कोण उपाशी राहतं, ते नावापुढे लिहा. एक वहीचं पान पुरतं.

दुसरं, डब्ब्याचा करार करा. गटातल्या सगळ्या घरांनी ठरवायचं, की आपली मुलं डब्बा नेणारच आणि सोमवारी कडधान्य, मंगळवारी मुनग्याचं धिरडं, असं सगळ्यांच्या डब्ब्यात सारखंच. एकीच्याच डब्ब्यात भात-बरबटी असली तर लाज वाटते. सगळ्यांच्या डब्ब्यात तेच असलं की ती आपोआप जाते.

तिसरं, शाळेजवळ विकायचंच असेल तर गटाने विकावं. उकडलेली अंडी, मोड आलेला हरभरा, गूळ-फुटाणे, लाडू. मुलांचे दहा रुपये मग त्यांच्याच अंगाला लागतील आणि गटालाही चार पैसे मिळतील.

चौथं काम मोठं आहे. शाळेतलं दुपारचं जेवण नववी-दहावीपर्यंत वाढावं, अशी मागणी करायची. हे काही अशक्य नाही. आपल्या शेजारच्या तेलंगणात सरकारी हायस्कूलच्या नववी-दहावीच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. कर्नाटकातही दहावीपर्यंत मिळतं. आपली योजनासुद्धा एका दिवसात आजच्यासारखी झाली नाही. १९९५ मध्ये ती फक्त प्राथमिक शाळेपुरती सुरू झाली. शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. सहावी ते आठवीचे वर्ग त्यानंतर, २००७-०८ च्या सुमारास जोडले गेले. जे तेव्हा वाढलं, ते आणखी दोन वर्गांनी वाढू शकतं.

तोवर वाट बघत बसायचीही गरज नाही. आपल्याकडे पेसा कायद्याची ग्रामसभा आहे. पेसाच्या ५ टक्के अबंध निधीतून आरोग्य आणि शिक्षणाची कामं सुचवण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांच्याकडे बांबू आणि तेंदूपत्त्याचं उत्पन्न येतं. आपल्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि आपला बांबू आपण विकून दाखवला. जंगलाबद्दल एवढा मोठा निर्णय गाव घेऊ शकतं, तर हायस्कूलला जाणाऱ्या पंधरा-वीस लेकरांच्या दुपारच्या जेवणाबद्दलही घेऊ शकतं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बाया बहुतेक ठिकाणी आपल्याच गटातल्या आहेत. धान्य आणि लाकडं मिळाली तर त्याच चुलीवर थोडा मोठा गंज चढेल.

येत्या ग्रामसभेला जाताना ती नावांची यादी सोबत न्या. मागणी तोंडी करू नका, ठरावात लिहून घ्या: आमच्या गावातून इतकी मुलं नववी-दहावीला जातात, त्यातली इतकी दुपारी उपाशी राहतात, त्यांच्या जेवणाची सोय व्हावी. ठरावाची एक प्रत शाळेला, एक पंचायत समितीला द्या आणि पोच घ्या. प्रभागसंघाच्या बैठकीत सगळ्या गावांच्या याद्या एकत्र केल्या, तर तालुक्याचा आकडा आपल्याच हातात येईल आणि मग मागणी एका गावाची राहणार नाही.

आणि आज संध्याकाळी एक करा. मुलगी शाळेतून आली की तिला विचारा, “बाई, आज दुपारी काय खाल्लं?” जे उत्तर येईल, ते वहीत पहिल्या ओळीवर लिहा.